कुत्र्याच्या डोळ्याखाली पुन्हा पुन्हा सूज येतेय? आधी दाढ तपासून घ्या

राखणीच्या कुत्र्याच्या डोळ्याखाली गाठ येते, फुटून पू वाहतो. इंजेक्शन दिलं की ती बसते आणि काही दिवसांनी तिथंच पुन्हा उठते. काहीतरी चावलं असेल म्हणून मलम लावलं जातं. पण असं वारंवार होत असेल, तर दुखणं बऱ्याचदा वरच्या दाढेचं असतं.

सूज तिथंच का येते?
पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण सहा-सात महिन्यांत ते पडून कायमचे 42 दात येतात. त्यातल्या वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालीच येतात. कडक हाड किंवा दगड चावताना ही दाढ तडकते, जंतू मुळापर्यंत जातात आणि पू होतो. औषधानं पू तात्पुरता कमी होतो, खराब मूळ मात्र तसंच राहतं. त्यामुळे दाढ काढणं किंवा रूट कॅनाल करणं हाच खरा इलाज.

लक्षणं
एकाच बाजूनं चावणं, भाकरीचा तुकडा तोंडातून पडणं, तोंडाला घाण वास, लाळेत रक्त. दात दुखत असला तरी कुत्रं खात राहतं, म्हणून मालकाच्या ध्यानात उशिरा येतं.

सावधान, रेबीज असू शकतो
खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, वागणं बदललंय, तर घशात हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नका. कुत्र्याला वेगळं ठेवा आणि पशुवैद्यकाला कळवा. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या.

कुठं न्यायचं?
आधी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात दाखवा. तिथं दातांचं काम होत नसेल तर पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मागा. मुंबई (परळ), नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ (जि. सातारा) इथं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अकोल्यात पदव्युत्तर संस्था आहे. तिथं 'शल्यचिकित्सा व क्ष-किरण' विभागात चौकशी करा. दातांचं काम याच विभागाकडं येतं. निघण्याआधी फोन करून वार, वेळ आणि खर्च विचारा.

सोबत काय न्यायचं, काय विचारायचं?
जुने केसपेपर, दिलेल्या औषधांची नावं, रेबीज लसीचं कार्ड, साखळी आणि मुसकं. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: मुळाचा एक्स-रे निघेल का? दाढ वाचेल की काढावी लागेल? भुलीआधी रक्त तपासायचं का आणि किती तास उपाशी ठेवायचं?

हे काम पूर्ण भूल देऊनच होतं. कुणी पकडीनं दाढ उपटून देतो म्हणालं तर ऐकू नका. मूळ आत तुटून राहतं, जबड्यालाही इजा होऊ शकते.

घरी हे टाळा
माणसाची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी गोळी कुत्र्याला देऊ नका, जिवावर बेतू शकतं. माणसाची टूथपेस्टही नको. दाढ काढल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस कोमट पाण्यात कुस्करलेली मऊ भाकरी किंवा भात द्या. कडक हाडं कायमची बंद करा.