शहराचा उजेड आणि तेजोमेघ

लंडनच्या दक्षिण भागांत टल्स हिल म्हणून एक वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें विल्यम हगिन्स नांवाचे गृहस्थ राहत असत. रेशमी कापडाचा वडिलोपार्जित धंदा विकून त्यांनीं घरींच वेधशाळा उभारली होती. आकाशांत धुक्याच्या पुंजक्याप्रमाणें दिसणारे तेजोमेघ हे दूरचे तारकापुंज आहेत, कीं खरोखरीच वायूचे मेघ आहेत, हा त्या काळीं मोठ्या वादाचा प्रश्न होता. ता. २९ ऑगस्ट १८६४ रोजीं हगिन्स यांनीं दुर्बिणीस वर्णपटदर्शक जोडून कालेय तारकासमूहांतील एका तेजोमेघाकडे पाहिलें. ताऱ्याचा असतो तसा सप्तरंगी पट्टा तेथें नव्हता. केवळ कांहीं तेजस्वी रेषा होत्या, व त्यांतील प्रमुख रेषा हिरवी होती. तो तेजोमेघ वायुरूप असल्याचा हा पुरावाच होय.

पुढें छायाचित्रणाची कला या कामीं आली. डोळा क्षणाक्षणाचें तेज पाहतो व सोडून देतो. छायाचित्राची कांच तें सांठवीत जाते. ता. ३० सप्टेंबर १८८० रोजीं अमेरिकेंतील डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनीं ५१ मिनिटें प्रकाश घेऊन मृगांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र काढलें. १८८३ सालीं लंडनजवळील ईलिंग येथें अँड्र्यू कॉमन या इंजिनियर गृहस्थांनीं आपल्या घरच्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीनें त्याच तेजोमेघाचें छायाचित्र घेतलें. त्यांत डोळ्यांस न दिसणारे तारेही उमटले.

परंतु सांठवणारी कांच आपपरभाव जाणत नाहीं. शहरांतून विजेचे दिवे वाढले, तसा हवेंतून व धूलिकणांवरून परतणारा त्यांचा उजेडही तिच्यावर सांठूं लागला. मंद तेजोमेघ उमटण्यापूर्वींच चित्र धुरकट होऊं लागलें. मोठ्या वेधशाळा डोंगरमाथ्यांवर गेल्या. घर सोडून जाऊं न शकणारा हौशी निरीक्षक मात्र मागें राहिला.

त्याच्या उपयोगीं पडली ती हगिन्स यांची हिरवी रेषा. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हें १९२७ सालीं आयरा बोवेन यांनीं दाखविलें. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर, हैड्रोजनच्या तांबड्या रेषेची ६५६.३. सोडियमच्या पिवळ्या दिव्याचा मुख्य उजेड ५८९ च्या आसपास पडतो. सबब या दोन रेषांपुरतीच वाट मोकळी ठेवणारा फिल्टर कॅमेऱ्यापुढें बसविला, म्हणजे दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच अडतो व तेजोमेघाचें तेज आंत येतें. कांहीं मिनिटांचीं एक, अशीं पुष्कळ छायाचित्रें अनेक रात्रीं घेऊन संगणकानें एकत्र केलीं, कीं डोळ्यांस कधींही न दिसणारा मंद तेजोमेघ शहरांतील गच्चीवरूनही चित्रांत उमटतो.

तथापि हा उतारा सर्वत्र चालत नाहीं. दूरच्या दीर्घिका, तसेच शेजारच्या ताऱ्यांच्या प्रकाशानें उजळणारे धुळीचे मेघ, हे सर्व रंगांत प्रकाशतात. फिल्टर दिव्यांबरोबर त्यांचेंही तेज अडवितो. उलट पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड सर्व रंगांत पसरलेला असल्यामुळें त्याचा थोडा अंश आंत शिरतोच. एका घरगुती वेधशाळेंतील शोधानें शहरवासीयांस आकाशाचा कांहीं भाग परत मिळवून दिला. उरलेला भाग दिवे वरून झांकून, खालीं वळवून व गरज नसतां विझवूनच परत मिळावयाचा आहे.