एकच रणगाडा, अनेक खोकी: टी-३४ च्या प्लॅस्टिक प्रतिकृती काय सांगतात?

१/
दुकानाच्या फळीवर प्लॅस्टिक प्रतिकृतींची दोन खोकी शेजारी शेजारी आहेत. दोन्हींवर नाव एकच, टी-३४. प्रमाणही एकच, १:३५. एकाचा साचा १९७० च्या दशकातील जपानी, दुसऱ्याचा गेल्या काही वर्षांतील युक्रेनी. पहिला रणगाडा जोडून झाला तरी आतून रिकामाच राहतो. दुसऱ्याच्या पोटात सैनिकांची आसने, तोफगोळ्यांच्या पेट्या आणि इंजिन बसते. मूळ वस्तू एक असताना प्रतिकृती इतक्या भिन्न का झाल्या, याचा हा मागोवा.

२/
प्रथम मूळ वस्तू. टी-३४ चा जन्म युक्रेनमधील खारकीव्ह शहरात झाला. मुख्य रचनाकार होते मिखाईल कोश्किन. मार्च १९४० मध्ये दोन नमुना रणगाडे स्वतःच्या बळावर चालवत खारकीव्हहून मॉस्कोला नेण्यात आले. थंडीतल्या त्या प्रवासात कोश्किन यांना न्यूमोनिया जडला आणि सप्टेंबर १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. तिरपे चिलखत, रुंद पट्टे, डिझेल इंजिन आणि ७६.२ मिमी तोफ ही या रणगाड्याची ओळख. १९४४ च्या आरंभापासून ८५ मिमी तोफेची आवृत्ती रणांगणावर येऊ लागली.

३/
जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. त्याच वर्षी खारकीव्हचा कारखाना क्रमांक १८३ यंत्रे आणि कामगारांसह उरल प्रदेशातील निझ्नी तागिल येथे हलवण्यात आला. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना, गॉर्की शहरातील कारखाना क्रमांक ११२, पुढे चेल्याबिन्स्क, स्वेर्दलोव्स्क आणि ओम्स्क येथेही टी-३४ बनू लागला. ऑगस्ट १९४२ मध्ये तर लढाई स्टालिनग्राडच्या कारखान्याच्या दाराशी येऊन ठेपली.

४/
परिणामी प्रत्येक ठिकाणचा टी-३४ थोडा निराळा झाला. रबराचा तुटवडा पडला तेव्हा काही कारखान्यांनी बाहेरून संपूर्ण पोलादी चाके बसवली. टरेट, म्हणजे तोफेसह फिरणारा वरचा भाग, कुठे ओतीव, कुठे पत्रे जोडून केलेला, तर स्वेर्दलोव्स्कमध्ये अवजड प्रेसखाली दाबून घडवलेला. टी-३४ हे एका रणगाड्याचे नाव असले तरी प्रत्यक्षात ते एक मोठे कूळ आहे. प्रतिकृती बनवणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच: नेमका कोणता टी-३४?

५/
आता प्रतिकृतींकडे. त्यांची प्रमाणे निरनिराळ्या परंपरांतून आली. ब्रिटनच्या एअरफिक्सने १९६० च्या दशकात लहान रणगाडे काढले ते १:७६ प्रमाणात, कारण ब्रिटनमधील खेळण्यातल्या आगगाड्यांचे लोकप्रिय प्रमाण तेच होते: मूळच्या एका फुटाला ४ मिमी. १:७२ हे प्रमाण विमानांच्या प्रतिकृतींकडून आले, सहा फुटांना एक इंच. १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच. या तिन्हींमागे फूटपट्टीचा सरळ हिशेब आहे. १:३५ मागे मात्र असा कोणताच हिशेब नाही.

६/
त्याची कथा जपानमधील शिझुओका शहरात सुरू होते. योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये तेथे लाकडाचा व्यवसाय सुरू केला, त्यातून लाकडी प्रतिकृती आल्या. १९६० मध्ये कंपनीने ‘यामातो’ या युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिक संच काढला. स्पर्धेत तो मागे पडला. पुढचा मोठा प्रयत्न होता जर्मन पँथर रणगाड्याचा. पुत्र शुन्साकू तामिया यांना तो मोटारीवर चालणारा हवा होता. आत सेल मावतील एवढी रुंदी ठरवली गेली, आणि त्या रुंदीवरून जे प्रमाण निघाले ते साधारण १:३५ होते.

७/
पँथर यशस्वी झाला, पुढचे रणगाडे त्याच मापात निघाले, आणि सेलच्या आकाराने ठरलेले हे प्रमाण जगभरच्या लष्करी प्रतिकृतींचे मुख्य प्रमाण बनले. सुमारे ३ मीटर रुंदीचा टी-३४ या प्रमाणात साडेआठ सेंटिमीटर रुंद होतो. १:७६ मध्ये तो चार सेंटिमीटरही भरत नाही. त्या काळच्या तामियाच्या अनेक रणगाड्यांच्या तळाशी मोटारीसाठीची छिद्रे आजही दिसतात. पुढे हौशी मंडळी ती पुट्टीने बुजवू लागली.

८/
१९६८ मध्ये तामियाने सैनिकांच्या लहान मूर्तींपासून नवी लष्करी मालिका सुरू केली. खेळणे हळूहळू मांडणीची वस्तू झाले आणि अचूकतेची अपेक्षा वाढली. येथे शीतयुद्ध आडवे आले. शुन्साकू तामिया यांनी अमेरिकेतील अ‍ॅबरडीन येथील लष्करी संग्रहालयात जाऊन रणगाड्यांची छायाचित्रे आणि मापे गोळा केली. मॉस्कोजवळील कुबिंकाचा प्रचंड संग्रह मात्र सोव्हिएत काळात सर्वसामान्यांसाठी बंद होता. ज्या देशाने टी-३४ बनवला, त्याच देशात तो जवळून पाहणे सर्वांत कठीण होते.

९/
पश्चिमेकडे टी-३४ अगदीच नव्हता असे नाही. अ‍ॅबरडीनला १९४२ मध्ये सोव्हिएत संघाने स्वतःच एक रणगाडा चाचणीसाठी पाठवला होता. पण एका रणगाड्यावरून सहा कारखान्यांचे फरक कळत नाहीत. १९७० च्या दशकातील तामियाचा टी-३४ या मर्यादेत पाहायला हवा. त्याचे सुटे भाग कमी, जोडणी नेटकी, बाह्यरूप विश्वासार्ह. पहिल्यांदा हाती गोंद घेणाऱ्यासाठी तो आजही सोपा ठरतो. तो जे सांगत नाही, त्यातले बरेचसे त्या काळी जपानमध्ये कोणाला ठाऊकच नव्हते.

१०/
दुसरी मर्यादा यंत्राची. प्रतिकृतीचे भाग पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन प्रचंड दाबाने ढकलून बनतात. दोन अर्ध्यांचा साचा उघडताना भाग सरळ सुटून यायला हवा. म्हणून आत वळलेला आकार किंवा खाच त्यात येत नाही. जुन्या संचांत तोफेची नळी दोन उभ्या फाकांत येते आणि जोडावरची रेघ घासून काढावी लागते. पुढे बाजूने सरकणारे तुकडे असलेले साचे आले आणि तोंडाशी पोकळ असलेली अखंड नळी एका भागात निघू लागली.

११/
१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. कागदपत्रे, कारखान्यांची छायाचित्रे, संग्रहालये हळूहळू खुली झाली आणि संशोधकांचे ग्रंथ निघू लागले. त्याचा परिणाम खोक्यांवर दिसतो. हाँगकाँगच्या ड्रॅगनने १९९० च्या दशकात टी-३४ च्या निरनिराळ्या आवृत्त्या काढल्या. दक्षिण कोरियाच्या अकॅडमीने आपल्या टी-३४/८५ च्या खोक्यावर कारखाना क्रमांक ११२ असा स्पष्ट उल्लेख केला. पूर्वी खोक्यावर फक्त वर्ष असे. आता कारखानाही आला.

१२/
उत्पादकांची तुलना करायची तर पट्ट्यांपासून आरंभ करावा. टी-३४ ला वरच्या बाजूस पट्टा तोलणारी छोटी चाके नाहीत. जड पट्टा मोठ्या चाकांवर झोके घेत विसावतो. जुन्या संचांतील लवचीक व्हिनाइलचा अखंड पट्टा ताणलेल्या रबरासारखा सरळ राहतो आणि वजनाचा भास हरवतो. काही संच पट्टा लांब आणि सुट्या तुकड्यांत देतात. काहींत प्रत्येक कडी वेगळी असते, दोन्ही बाजूंच्या मिळून दीडशेच्या आसपास. पहिला प्रकार काही मिनिटांचा, शेवटचा कित्येक संध्याकाळींचा. पण पोलादाचे ओझे शेवटच्यातच दिसते.

१३/
सर्वांत मोठा फरक पोटात आहे. तैवानच्या एएफव्ही क्लबने आणि युक्रेनच्या मिनीआर्टने टी-३४ चे अंतर्भागासह संच काढले. ते जोडताना हाताला जे कळते ते पुस्तकातल्या तक्त्यात सहज उमगत नाही. ७६ मिमीच्या आवृत्तीत टरेटमध्ये दोघेच. कमांडरलाच तोफेचा नेम धरावा लागे. म्हणजे रणांगणाकडे पाहणे आणि गोळा डागणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे. बरेच गोळे पायाखालच्या पेट्यांत असत. लढाईच्या मध्यावर वरचे रबरी आच्छादन उचलून ते काढावे लागत.

१४/
८५ मिमीच्या आवृत्तीत टरेट मोठा झाला, तेथे तिसरा माणूस आला आणि कमांडरचे हात मोकळे झाले. चारांचे पथक पाचांचे झाले. दोन्ही आवृत्त्यांचे अंतर्भाग शेजारी ठेवले की युद्धातून शिकलेला हा धडा स्पष्ट दिसतो. युद्धकाळात टी-३४ साधारण ५७ हजार बनले आणि अंदाजे ४५ हजार नष्ट झाले. त्या प्रत्येकात अशीच चार किंवा पाच आसने होती. ज्या जागी पूर्वी सेल बसत, त्या जागी ही आसने आली, हा प्रतिकृतींच्या इतिहासातला महत्त्वाचा बदल.

१५/
आज टी-३४ चे संच मॉस्कोजवळील लोब्न्या येथील झ्वेझ्दा काढते आणि कीव्हमधील मिनीआर्टही. झ्वेझ्दाचा भर परवडणाऱ्या किमतीवर आणि सुलभ जोडणीवर. मिनीआर्टचा भर सूक्ष्म तपशील आणि असंख्य सुट्या भागांवर. दोघांच्याही देशांत टी-३४ हा आजोबा-पणजोबांच्या स्मृतीचा भाग आहे. आणि तो जिथे जन्मला ते खारकीव्ह २०२२ पासून रशियन हल्ले सोसत आहे. एकाच वारशाचे दोन वारस एकमेकांशी युद्धात असताना हे दोन संच फळीवर शेजारी असतात.

१६/
फळीकडे पाहताना आणखी एक सावधगिरी हवी. जर्मन टायगर रणगाडे बनले सुमारे १,३५०. म्हणजे एका टायगरमागे युद्धकाळातले चाळीसहून अधिक टी-३४. प्रतिकृतींच्या दुकानात मात्र जर्मन रणगाड्यांचे वर्चस्व असते. कारण विक्री. भव्य आकार, विविध रंगसंगती आणि पराभूत सैन्याभोवती तयार झालेले वलय यांना मागणी आहे. ज्या राजवटीसाठी ते रणगाडे लढले, तिचे गुन्हे खोक्यावरच्या चित्रात येत नाहीत. केवळ प्रतिकृतींवरून इतिहास शिकणाऱ्याला ते युद्ध जवळजवळ उलटे दिसेल.

१७/
म्हणून कोणता संच चांगला, या प्रश्नाचे तीन भाग करावेत. एक: साचा कोणत्या वर्षीचा? जुना साचा नव्या खोक्यात पुन्हा विकला जातो, त्यामुळे खोक्यावरची चकाकी पुरावा नव्हे. दोन: तो नेमक्या कोणत्या कारखान्याचा आणि कोणत्या काळाचा रणगाडा दाखवतो, चाके, टरेट आणि पट्टे एकाच काळाचे आहेत का? तीन: उत्पादकाने काय गाळले आणि का: माहिती नव्हती, यंत्र तोकडे होते की बाजाराला नको होते? इतिहासाच्या कोणत्याही साधनाला हेच तीन प्रश्न विचारले जातात.

१८/
आणि शक्य तेथे मूळ वस्तू पाहावी. त्यासाठी महाराष्ट्रातील वाचकाला परदेशी जाण्याची गरज नाही. अहिल्यानगर येथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. सेंच्युरियन, पॅटन, विजयंता तेथे उभे आहेत. त्याच शहरातील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फामागुस्टा’ नावाचा सेंच्युरियनही जतन केलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात लढता लढता हुतात्मा झाले. जन्म पुण्याचा, वय २१, मरणोत्तर परमवीर चक्र.

१९/
सेंच्युरियनचे १:३५ प्रमाणातील संच तामियाने काढले, एएफव्ही क्लबनेही काढले. खोक्यांवर प्रामुख्याने ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि इस्रायली सैन्याच्या खुणा असतात. ‘फामागुस्टा’ घडवायचा तर छायाचित्रे शोधावी लागतील, बाह्य तपशील पडताळावे लागतील, नाव आणि खुणा हाताने रंगवाव्या लागतील. ते काम कोणत्याही साच्यात ओतून मिळत नाही. शिझुओकात मापे जुळवणाऱ्यांनी आणि कीव्हमध्ये कारखान्यांचे फरक धुंडाळणाऱ्यांनी केले ते हेच. जिथे खोके संपते, तिथून संशोधन सुरू होते.