रास कोणाची?



सुगीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. शेणाने सारवलेले खळे आहे, मधोमध तिवडा रोवलेला आहे. बैलांची पात फिरून मळणी संपली आहे आणि वारा धरून उपणणी चालली आहे. दिवस कलता कलता जोंधळ्याची रास उभी राहते. ती उभी राहते न राहते तोच खळ्याच्या कडेला माणसे येऊन बसतात. सुतार येतो, लोहार येतो, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, गुरव येतात. आणि त्यांच्यापासून जरा लांब, अंग चोरून, महार आणि मांग बसलेले असतात. कुणाच्या सुपात, कुणाच्या पदरात धान्य पडते. काहींना मळणीआधीच पेंढ्या मिळालेल्या असतात. आणि रास घरी गेल्यावर खळ्यात मातीत मिसळलेले जे दाणे उरतात, ते मातेरे, तेही कुणाचे तरी ठरलेले असते.

आपल्यापैकी वयस्कर मंडळींनी हे पाहिले असेल, तरुणांनी ऐकले असेल. हेच बलुते. आज मी फक्त एवढेच विचारणार आहे की, त्या सुपात पडलेल्या धान्याला म्हणायचे काय? मजुरी? दान? हक्क? की भीक?

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? धान्य ते धान्य. मलाही बरीच वर्षे असेच वाटत होते. वर्गात मी मुलांना टिपण उतरवून देत असे की, बलुतेदारीमुळे खेडे स्वयंपूर्ण होते, एकाची गरज दुसरा भागवीत असे, पैशावाचून कोणाचे अडत नसे. वाक्य गोळीबंद आहे, परीक्षेला उपयोगी आहे. एका वर्षी मात्र मी मुलांना सांगितले की, सुटीत घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बलुत्यावर पानभर लिहून आणा. वह्या आल्या. कुणब्याच्या मुलाने लिहिले होते, ‘आजी म्हणते, आम्ही बलुतं द्यायचो.’ सुताराच्या मुलाने लिहिले होते, ‘आमचं बलुतं असायचं, ते आणायचो.’ आणि पूर्वी गावकुसाबाहेर ज्यांची घरे होती त्यांच्यातल्या एका मुलीने लिहिले होते, ‘आजी म्हणते, मागून आणावं लागायचं.’

धान्य तेच, खळेही कदाचित तेच. क्रियापदे मात्र तीन! माझे गोळीबंद वाक्य पहिल्या क्रियापदाशी जुळत होते, उरलेल्या दोहोंशी नाही. मी स्वतः कुणब्याच्या घरातला. माझी आजीही ‘देत होतो’ असेच म्हणते.

समाजशास्त्रातला सिद्धांत म्हटला म्हणजे कोठेतरी मोठ्या ग्रंथालयात, जाड भिंगाच्या चष्म्याआड तयार होणारी वस्तू असे आपल्याला वाटते. वास्तविक तिची सुरुवात अशाच ठिकाणी होते. जे दिसले त्याला कोणते नाव द्यायचे, कोणाच्या तोंडचे नाव घ्यायचे, आणि ते नाव पुढे दुसऱ्या गावी, दुसऱ्या मुलखात लावून पाहिले तर टिकते का? आपल्या बलुत्याच्या बाबतीत हे काम दोनशे वर्षे चालले आहे. आणि त्यात चुका पुष्कळ झाल्या आहेत, हे मी आधीच सांगून टाकतो.

इंग्रजी राज्याच्या आरंभी हिंदुस्थानच्या खेड्याची दोन चित्रे फार गाजली. एक होते मार्क विल्क्स याचे, १८१० मधले, म्हैसूरकडचे. दुसरे चार्ल्स मेटकाफ याचे, १८३० मधले. मेटकाफ दिल्लीच्या मुलखात राहिलेला अधिकारी. राज्ये येतात नि जातात, गाव मात्र जसेच्या तसे राहते, प्रत्येक गाव म्हणजे एक छोटे प्रजासत्ताकच, असा त्याच्या सांगण्याचा भाव. पण हे तो कशासाठी लिहीत होता? सारावसुली एकेका रयतेशी ठरवावी की सबंध गावाशी, असा वाद चालला होता, आणि त्यात त्याला गावाची बाजू मांडायची होती. साऱ्याच्या वादातले हे वर्णन लोकांनी पुढे हिंदुस्थानचे छायाचित्र म्हणून भिंतीवर लावले.

विल्क्सचे चित्र लंडनमध्ये कार्ल मार्क्सच्या हाती लागले. १८६७ साली निघालेल्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्याने हिंदी गावातल्या कारागिरांची आणि कामगारांची यादी दिली आहे. शिक्षक बंधुभगिनींना गंमत वाटेल, त्या यादीत शाळामास्तर आहे, आणि कुठे कुठे सोनाराच्या जागी चक्क कवी आहे! या डझनभर माणसांना सगळा गाव मिळून पोसतो, म्हणून गावात खरेदी-विक्रीचे कारण पडत नाही, आणि म्हणूनच गाव बदलत नाही, असा त्याचा युक्तिवाद. यादीत शिवेची राखण करणाराही आहे. आपल्याकडे ते काम महाराचे. पण हा शिवेचा राखणदार राहतो कोठे, आणि गावच्या विहिरीवर त्याला पाणी भरता येते का, याविषयी यादी काही सांगत नाही.

त्यानंतरचा मोठा माणूस म्हणजे जर्मनीचा मॅक्स वेबर. अर्थव्यवहाराचा समाजाच्या अंगाने विचार करणारे जे शास्त्र आहे, त्याच्या संस्थापकांत त्याची गणना होते. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. शिरगणतीचे अहवाल आणि इतर ग्रंथ वाचून त्याने हिंदू धर्मावर आणि जातींवर १९१६-१७ मध्ये मोठा निबंध लिहिला. गावाने जमीन किंवा धान्य देऊन बांधून ठेवलेल्या कारागिरासाठी त्याने जुन्या ग्रीक भाषेतून एक शब्द उचलला. ‘लोकांसाठी काम करणारा’ असा त्याचा अर्थ होतो. आता ग्रीसचा शब्द आणि आपला लोहार यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. वेबरचे म्हणणे असे की, शब्द हे माप आहे. पायलीने आपण जोंधळा मोजतो, म्हणून जोंधळ्याचा दाणा काही पायलीच्या आकाराचा नसतो. तसा हा शुद्ध नमुना घ्यावा, प्रत्यक्षाशेजारी ठेवावा आणि कुठे भरतो, कुठे सांडतो ते पाहावे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वेबरची हिंदुस्थानविषयीची पुष्कळ विधाने आज टिकत नाहीत, पण ही मापाची कल्पना टिकली आहे.

माप एकच असले तर मोजणीत फसायला होते. दुसरे माप आले उत्तर प्रदेशातून. विल्यम वायझर हा अमेरिकन मिशनरी पत्नीसह १९२५ पासून मैनपुरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहिला. त्याने पाहिले ते वेगळे होते. तिथला सुतार सगळ्या गावाचा नव्हता, काही ठराविक घरांचा होता. ती घरे त्याचे ‘जजमान’. बापाकडून मुलाकडे ही घरे वारशाने येत. १९३६ मध्ये वायझरचे पुस्तक निघाले आणि ‘जजमानी’ हा शब्द असा काही चालला की, विचारू नका. आज या कामात मालक तो उद्या त्या कामात सेवक, असे सगळे एकमेकांचे, हे वायझरचे चित्र वाचायला गोड होते. हळूहळू साऱ्या हिंदुस्थानच्या खेड्यांना तोच शब्द लागू झाला, आणि आपले बलुते म्हणजे ‘महाराष्ट्रातली जजमानी’ असे पाठ्यपुस्तकांत येऊन बसले. मीही तसेच शिकवले आहे.

हा घोटाळा निस्तरायला घेतला तो एका जपानी इतिहासकाराने. हिरोशी फुकाझावा त्यांचे नाव. हा माणूस मराठी शिकला आणि आपले मराठेशाहीचे कागद वाचू लागला. पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत छापून निघाले होते. अशा कागदांत वतनाचे तंटे, करार, निवाडे, हक्कांच्या यादी भरपूर आहेत. १९७२ मध्ये फुकाझावांनी एक लेख प्रसिद्ध केला, त्यातला प्रश्न अगदी साधा होता. अठराव्या शतकातला मराठी मुलखातला बलुतेदार हा गावाचा चाकर की घराचा? वेबरचे माप की वायझरचे?

कागदांनी उत्तर दिले, गावाचा. बलुतेदाराचे वतन हे एका कुणब्याशी केलेला सौदा नव्हता, त्याचे नाते सबंध गावाशी होते. त्याचा हक्क गावाच्या पिकावर होता, कोठे कोठे त्याला इनाम जमीनही असे. वतनदार नसला तर गाव बाहेरचा उपरी कारागीर आणून बसवी. वाद झाला तर निवाड्याला गावची मंडळी बसत. एखाद्या पाटलाला वा कुणब्याला आपल्या मर्जीने ‘उद्यापासून तू माझा लोहार नाहीस’ असे म्हणता येत नव्हते.

हे वाचले तेव्हा सुताराच्या मुलाचे ‘आमचं बलुतं’ मला एकदम उलगडले. तो हक्काची भाषा बोलत होता, आणि ती खरी होती. त्याच्या पणज्याला कोणी एक मालक नव्हता.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि ती फुकाझावांपेक्षा आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून जास्त नीट कळते. ज्याला एक मालक नाही, त्याचा मालक सारा गाव. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी दुरुस्तीचे विधेयक आणले. महार नुसता गावाचा चाकर नव्हता. तो सरकारचाही होता. सांगावा न्यायचा, चावडीवर बोलावणे करायचे, अंमलदाराच्या मागेपुढे धावायचे, आणि या कामाला दिवस-रात्र नाही. त्याचा मोबदला मात्र सरकारी खजिन्यातून नव्हे. थोडी वतनी जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते यांतच तो धरलेला. म्हणजे काम सरकारचे आणि पोट गावाच्या मर्जीवर! गाव रागावला की बलुते अडवून धरी. बाबासाहेबांची मागणी अशी होती की, सरकारने आपल्या कामाचा पगार रोख द्यावा आणि बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर व्हावे. या मागणीत एक सिद्धांत आहे, हे आपल्या लक्षात येते का? गावाचा की घराचा, या दोन मापांच्या शेजारी त्यांनी तिसरे माप ठेवले. बलुते न दिल्यास घेणाऱ्याचे काय होते, आणि देणाऱ्याचे काय होते?

पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी मेटकाफचेच ते वर्णन समोर घेतले. गावे टिकली असतील, पण नुसते टिकणे म्हणजे काही मोठेपणा नव्हे, कोणत्या पातळीवर टिकली ते पाहा, असा त्यांचा मुद्दा होता. ग्रंथालयातला सिद्धांत खळ्यापर्यंत ओढत नेऊन तपासण्याचे असे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

खळ्याच्या अलीकडून, म्हणजे कुणब्याच्या बाजूने, हीच तपासणी त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’त केली होती. बलुते, अलुते आणि फिरस्ते यांचा भार कुणब्याच्या राशीवर कसा पडतो, हे त्यांनी खेड्यापाड्यांतले शब्द जसेच्या तसे वापरून लिहिले. आत्र्यांचा कुणबी नाडलेला आहे, आंबेडकरांचा महार नाडलेला आहे. दोघांनाही गोकुळासारखे स्वयंपूर्ण खेडे कोठे दिसले नाही. दोघांचेही पाहणे खोटे म्हणता येत नाही. शिक्षकांनी ‘गावगाडा’ जरूर वाचावा, पण एका बाजूने लिहिलेले पुस्तक आहे हे ध्यानात ठेवून.

परदेशात या राशीवरचा वाद अजून चाललाच होता. कार्ल पोलान्यी या अर्थशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये असे मांडले की, माणसांचा अर्थव्यवहार नेहमी बाजाराच्याच रीतीने चालतो असे नाही. परस्परांची देवघेव ही एक रीत, एका ठिकाणी गोळा करून वाटणे ही दुसरी. त्याच्या मंडळीतल्या वॉल्टर नीलने १९५७ मध्ये अवधमधल्या धान्याच्या राशीत या दोन्ही रीती पाहिल्या. मग १९८९ मध्ये इंग्लंडच्या ख्रिस फुलरने दाखवून दिले की, रास पाहण्याच्या भरात सगळ्यांनी बाजार आणि पैसा नजरेआड केला होता. जुने खेडे बिनपैशाचे नव्हतेच. आपल्याला हे पटायला अडचण नाही. पाटीलकी विकल्याचे, अर्धी वाटून घेतल्याचे कागद आहेत. आठवड्याचे बाजार होते, सावकार होता. एकाच गावात लोहाराला धान्य आणि सावकाराला रोकड, असे दोन्ही चालत होते.

१९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ गाववतने रद्द झाली. बलुत्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही रेंगाळली. शब्द तर राहिलाच, आणि १९७८ मध्ये दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले ते ‘बलुतं’. तोवर तो कारागिराच्या हक्काचा शब्द राहिला नव्हता, जन्माने वाट्याला आलेल्या दुःखाचा झाला होता. त्या मुलीच्या आजीच्या क्रियापदाजवळचा.

शिक्षक मित्रहो, आपल्या शाळेत हा प्रयोग करता येईल. मुलांना ‘बलुतेदारीचे फायदे-तोटे’ असा प्रश्न देऊ नका. घरात कोणते क्रियापद वापरतात एवढेच लिहून आणायला सांगा. धान्य कोणत्या मापाने पडायचे, कोणाला सुपात, कोणाला वरून, आणि कोण उभे होते, कोण बसलेले. म्हातारी माणसे आता थोडी उरली आहेत.

परवा मी माझ्या आजीला पुन्हा विचारले. ती पंच्याऐंशीच्या पुढे आहे, पण १९७२ चा दुष्काळ तिला लख्ख आठवतो. त्या साली आमचे खळे झालेच नाही. मग सुताराला बलुते कोठले? त्याने काय केले, हे इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलेच नव्हते. आजी म्हणाली, ‘तो बी खडी फोडाया आला की. आमच्याच शेजारी बसायचा. महारवाड्यातली मान्सं बी हुती. संध्याकाळी मुकादम यायचा, जेवढा ज्याचा ढीग तेवढं मोजायचा, आन् तेवढंच पैसं.’

मी विचारले, सगळ्यांना एकाच मापाने?

‘हां,’ आजी म्हणाली, ‘लाकडाचं खोकं हुतं त्याच्यापाशी, त्येच समद्यांना.’