वहीतली नावं : घोगरगावच्या मिशनची गोष्ट



गावाचा इतिहास म्हटलं की आपल्याला पाटलाचा वाडा आणि जुनी गढी आठवते. आज आम्ही वेशीबाहेरच्या वस्तीचा इतिहास सांगणार आहोत. वैजापूर-गंगापूर भागातल्या घोगरगावचा.

तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. गोदावरीपलीकडं नगर जिल्ह्यात इंग्रजांचं राज्य होतं. तिकडं राहुरीजवळ केंदळला १८७८ साली जेसुइट फादरांनी काम सुरू केलं होतं. अलीकडच्या काठावर, घोगरगावला, १८९२ साली कॅथलिक मिशन आलं. इथले फादर मात्र वेगळ्या संघाचे, संत फ्रान्सिस द सेल्स यांचं नाव लावणारे. हा संघ १८३८ साली सवॉय या डोंगराळ मुलखात स्थापन झाला. १८४६ साली त्याचे लोक विशाखापट्टणमला उतरले आणि पुढं नागपूरला पोचले. घोगरगावचा कारभार नागपूरहून चाले. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० साली झाली. त्याआधी इथं यायचं तर बैलगाडी, घोडं, नाहीतर पायीच.

या फादरांपैकी गुरियन जाकिये यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. पण एकटा फादर काय करणार? मराठी शिकवणारे, प्रार्थना घेणारे, मुलांना अक्षर गिरवायला लावणारे ‘मास्तर’ गावोगाव होते. आणि वस्तीतल्या बाया होत्या.

ही घरं बहुतेक मांग आणि महार समाजातली. गावकीची कामं त्यांनी करायची, पण पाणवठा त्यांना बंद. त्यात १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. कुणी धान्याच्या आशेनं आलं असेल, कुणी शाळेसाठी, कुणी श्रद्धेनं. पोटाला भाकरी आणि माणूस म्हणून मान, दोन्हींची भूक खरीच होती. त्यांना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

आता आमच्या मनाला भिडलेली गोष्ट सांगतो. कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावीच लागते. तीत बाळाचं नाव, बापाचं नाव आणि आईचंही नाव लिहितात. लग्नाच्या नोंदीत नवरीचं नाव, दोन साक्षीदारांची नावं येतात. लग्नाला नवरीचा होकारही लागतो. जिच्या नावावर ना जमीन, ना घर, जिला गाव जातीवरून हाक मारायचं, तिचं नाव अशा वहीत शाईनं उतरायचं. जन्मनोंद नसलेल्या किती जणांना पुढं वयाच्या दाखल्याला हीच वही कामी आली.

१९७७ साली औरंगाबाद स्वतंत्र धर्मप्रांत झाला. शहरात मोठं चर्च आहे. पण मुळं या खेड्यातल्या वस्तीत आहेत.

म्हणून मैत्रिणींनो, गटाचं रजिस्टर नीट ठेवा. ‘अमक्याची बायको’ असं लिहू नका. तिचं पूर्ण नाव लिहा, सही घ्या, वही वाळवीपासून जपा. शंभर वर्षांनी कुणी आपला इतिहास शोधायला निघालं, तर त्या वहीतच आपण सापडू.