फिनलंडमधील किल्ले आणि तटबंदी : प्रवाशासाठी नोंद

फिनलंडमधील किल्ले : बाल्टिक समुद्राच्या उत्तरेकडील फिनलंड या देशात तेराव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत उभे राहिलेले कोट, जलदुर्ग, तटबंद गावे आणि सीमेवरील मोर्चे. यांतले मोठे किल्ले फिनलंड नावाच्या स्वतंत्र राज्याने बांधलेले नाहीत. १८०९पर्यंत हा मुलूख स्वीडनच्या राजाकडे होता आणि त्यानंतर १९१७पर्यंत रशियाच्या झारकडे. पहिले बहुतेक सगळे किल्ले स्वीडिशांनी बांधले, पुढच्या किल्ल्यांत रशियनांनीही भर घातली. दोघांमधली सीमा दर लढाईनंतर सरकत गेली आणि दर सरकण्यामागे नवा किल्ला उभा राहिला. एकेक वास्तू सुटी पाहणाऱ्याला हा धागा हाती लागत नाही. नकाशा जवळ ठेवून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याला तो आपोआप सापडतो.

सह्याद्रीतले गड पाहून गेलेल्या मराठी प्रवाशाला इथे चढण भेटत नाही. दक्षिण फिनलंडमध्ये डोंगर नाहीत, त्यामुळे किल्ल्याचा आधार म्हणजे पाणी : नदीचे मुख, सरोवरातली सामुद्रधुनी, समुद्रातली बेटे. नाते जोडायचेच तर ते राजगडाशी नाही, सिंधुदुर्ग-जंजिऱ्याशी जुळते.

तुर्कूचा किल्ला औरा नदीच्या मुखाशी आहे. बांधकाम १२८०च्या दशकात सुरू झाले तेव्हा ती जागा बेट होती. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली इथली जमीन अजूनही दरवर्षी काही मिलिमीटरने वर येते, आणि त्या उठावामुळे आज किल्ला मुख्य भूमीला जोडला गेला आहे. बाहेरून तो करडा, बोजड आणि थोडा निराश करणारा दिसतो. त्याची खरी श्रीमंती आत, वरच्या मजल्यावरच्या प्रबोधनकालीन दालनांत आहे. सोळाव्या शतकात ड्यूक योहानने ती सजवली आणि १५६२मध्ये पोलंडची राजकन्या कॅथरिन यागेलोनिका हिच्याशी लग्न करून तो इथे दरबार भरवू लागला. थाट वर्षभरही टिकला नाही. त्याचा भाऊ, राजा एरिक चौदावा, याच्या फौजेने १५६३मध्ये किल्ला घेतला आणि योहानला कैद केले. पुढे पारडे फिरले. गादीवर योहान आला आणि १५७०मध्ये एरिकलाच याच तुर्कूच्या किल्ल्यात डांबण्यात आले. १५७१मध्ये त्याला ओलंड बेटांवरील कास्टेलहोमच्या किल्ल्यात हलवले. १६१४च्या आगीत मुख्य कोट जळाला, जून १९४१मध्ये बॉम्बहल्ल्यात पुन्हा होरपळला. एरिक ब्रिगमन या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली आणि १९६१मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आज दिसणाऱ्या कितीतरी भागांवर विसाव्या शतकाचा हात आहे, हे ध्यानात ठेवूनच दालने पाहावीत.

हॅमेनलिन्ना गावातला हॅमे किल्ला वानायावेसी सरोवराकाठी आहे. फिनलंडमधले जुने बांधकाम बहुधा करड्या दगडाचे, हा मात्र वरच्या बाजूने लाल विटांचा, आणि म्हणून लगेच ओळखू येतो. एकोणिसाव्या शतकात तो तुरुंग झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तुरुंगच राहिला. हेलसिंकी–टांपेरे लोहमार्गावर असल्याने एका दिवसात जाऊन येता येते.

रासेपोरीचा भग्न कोट मात्र मुद्दाम वाट वाकडी करून पाहावा. स्वीडनचा बडा सरदार बू योनसन ग्रिप याने १३७०च्या दशकात तो बांधला, तेव्हा समुद्राचे पाणी पायथ्याला होते आणि माल थेट किल्ल्याखाली उतरत असे. जमीन उठत गेली, खाडी उथळ झाली, १५५०मध्ये हेलसिंकी वसले आणि १५५८च्या सुमारास किल्ला सोडून देण्यात आला. आज भोवती कुरणे आहेत. लढाईत न पडता पाण्याने सोडल्यामुळे ओसाड झालेला किल्ला पाहायचा तर याच्याइतके स्वच्छ उदाहरण या देशात दुसरे नाही.

पूर्वेकडे सरोवरांच्या प्रदेशात सावोनलिन्ना गावी ओलाविनलिन्ना आहे. देखणेपणात त्याला फिनलंडमध्ये जोड नाही. डेन्मार्कमधल्या तोत घराण्यातला सरदार एरिक अक्सेलसन याने १४७५मध्ये त्याचा पाया घातला. १३२३च्या तहात स्वीडन आणि नोव्हगोरोद हे रशियन राज्य यांच्यातली सीमा ठरली होती, पण जंगल-सरोवरांच्या या भागात ती कोणीच नीट पाळली नाही. वादाच्या त्याच पट्ट्यात, क्युरोनसालमी सामुद्रधुनीतल्या खडकावर, हा कोट बांधला गेला. तोफांचे युग सुरू झाले होते म्हणून बुरूज जाड आणि गोल ठेवले. प्रवाह इतका जोराचा की हिवाळ्यातही इथले पाणी सहसा गोठत नाही. ज्या देशात शत्रू गोठलेल्या पाण्यावरून चालत येऊ शकतो तिथे ही गोष्ट तटाइतकीच मोलाची. किल्ल्यातल्या काळ्या मेंढ्याची सावली भिंतीवर पाहून वेढा घालणारे रशियन सैतान समजून पळाले, अशी दंतकथा गावात सांगतात. ती ऐकावी, इतिहासात धरू नये. तटाबाहेरचे ठेंगणे, रुंद बुरूज अठराव्या शतकात रशियनांनी घातले. १९१२मध्ये गायिका आइनो अक्ते हिच्या पुढाकाराने चौकात ऑपेरा महोत्सव झाला आणि १९६७पासून तो दर उन्हाळ्यात भरतो. महोत्सवाच्या दिवसांत गावात राहायला जागा मिळणे अवघड. गाणे ऐकायचे नसेल त्याने जून किंवा ऑगस्टच्या अखेरीला जावे. हेलसिंकीहून येताना पारिक्काला स्थानकावर गाडी बदलावी लागते.

१७२१च्या तहात स्वीडनने वीबोर्ग हे पूर्वेचे दार गमावले. त्याची भरपाई म्हणून हामिना गाव तटबंद केले. मधोमध नगरभवन, त्यापासून आठ दिशांना फुटणारे रस्ते, भोवती ताऱ्यासारखा तट, असा त्याचा आराखडा आजही चालत फिरून समजतो. ही भरपाईही टिकली नाही. १७४३च्या तहात हामिना, लाप्पेनरान्ता आणि ओलाविनलिन्ना रशियाकडे गेले, आणि स्वीडनने हेलसिंकीसमोरच्या बेटांकडे मोर्चा वळवला.

त्यातून उभा राहिला तो सुओमेनलिन्ना. १७४८मध्ये अउगुस्तिन एरेन्स्वर्द या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने बांधकाम सुरू केले. पैशाचा मोठा भाग मित्रराष्ट्र फ्रान्सने दिला. राजदरवाज्यावरच्या शिलालेखात पुढच्या पिढ्यांना मात्र आपल्या पायांवर उभे राहा, परक्यांच्या मदतीवर विसंबू नका असा उपदेश कोरला आहे. विनोद नकळत झाला असावा. एरेन्स्वर्दची समाधी किल्ल्याच्या मोठ्या चौकात आहे. एवढा खर्चून बांधलेला किल्ला १८०८मध्ये सेनापती क्रुनस्टेट याने फारशी झुंज न देता रशियनांच्या हवाली केला. आत सुमारे ७,००० सैनिक होते. फितुरी, घबराट की चुकीचा अंदाज, हा वाद फिनलंड-स्वीडनमध्ये अजून मिटलेला नाही. ऑगस्ट १८५५मध्ये क्रिमियन युद्धात ब्रिटिश-फ्रेंच आरमाराने दोन दिवस तोफा डागून त्याची बरीच नासधूस केली. १९१८मध्ये किल्ल्याला आजचे फिन्निश नाव मिळाले आणि त्याच वर्षी यादवी युद्धात हरलेल्या ‘लाल’ पक्षाच्या कैद्यांची छावणीही इथेच होती. पर्यटकांच्या पत्रकांत हे पान घाईने उलटले जाते, ते उलटू देऊ नये.

१९९१मध्ये सुओमेनलिन्ना जागतिक वारसा यादीत आला. तरी तो निव्वळ स्मारक नाही. सुमारे ८०० लोक तिथे राहतात, नौदलाची प्रबोधिनी तिथे आहे, खुला तुरुंगही आहे आणि तिथले कैदी तटाच्या दुरुस्तीत काम करतात. अठराव्या शतकातल्या कोरड्या गोदीत अजूनही जुन्या लाकडी जहाजांची डागडुजी चालते. चर्चच्या घुमटावर दीपगृह आहे. हेलसिंकीच्या बाजारचौकातून फेरीबोट पंधरा-वीस मिनिटांत पोहोचवते, बारा महिने चालते, आणि तिला शहराच्या बसचेच तिकीट लागते. बेटांवर फिरायला प्रवेशशुल्क नाही, संग्रहालयांना आहे. वेसिक्को ही १९३०च्या दशकात तुर्कूत बांधलेली पाणबुडी त्यांत सर्वांत आवडीची. बहुतेक लोक धक्क्याजवळच रेंगाळून परततात. दक्षिणेच्या टोकाला कुस्तान्मिएक्कापर्यंत जावे : मातीच्या भरावाखालचे तोफमोर्चे, अंधारे बोगदे (बत्ती जवळ हवी) आणि तटाला खेटून जाणारी स्टॉकहोमची अवाढव्य जहाजे. रस्ते गोट्यांचे आहेत आणि वारा जुलैतही बोचतो.

पुढची पायरी रशियनांची. १७९०च्या दशकात सेनापती सुवोरोव्हने आग्नेय फिनलंडमध्ये किल्ल्यांची साखळी उभी केली. लाप्पेनरान्ताचा किल्ला तिच्यातला, आणि त्यात १७८५चे ऑर्थोडॉक्स चर्च आहे. १८०९मध्ये हामिनाच्याच तहाने सगळा फिनलंड रशियाला मिळाला आणि सीमा एकदम पश्चिमेला, ओलंड बेटांवर गेली. तिथे १८३२पासून बोमारसुंड बांधायला घेतले. ते पुरे होण्याआधीच १८५४मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी उडवले. ज्या कामगिरीसाठी पहिला व्हिक्टोरिया क्रॉस दिला गेला ती २१ जून १८५४ रोजी इथल्याच समुद्रात घडली : खलाशी अधिकारी चार्ल्स लुकसने पेटत्या वातीचा तोफगोळा उचलून जहाजावरून पाण्यात फेकला. १८५६च्या पॅरिस तहानंतर ओलंडवर तटबंदी करण्यास मनाई झाली. आता रस्त्याच्या कडेला ग्रॅनाइटच्या भिंतींचे अवशेष आहेत, पाहायला कोणताही अडसर नाही.

फिनलंडने स्वतः उभारलेली तटबंदी म्हणजे साल्पा रेषा. सोव्हिएत संघाशी झालेल्या हिवाळी युद्धानंतर १९४०-४१मध्ये आणि पुन्हा १९४४मध्ये, नव्या सीमेलगत काँक्रीटचे बंकर, खंदक आणि रणगाडे अडवणाऱ्या ग्रॅनाइट शिळांच्या रांगा उभ्या केल्या. तिच्यावर लढाई झालीच नाही, म्हणून ती जवळजवळ अभंग आहे. मिएहिक्कालामध्ये तिचे संग्रहालय आहे. स्वतःचे वाहन नसेल तर जाणे कटकटीचे.

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. लहान कोट आणि भग्नावशेष मुख्यतः उन्हाळ्यात उघडे असतात, आणि जूनच्या अखेरीला युहान्नुस या सणाला बरेच काही बंद असते, तेव्हा वेळा आधी तपासाव्यात. अनेक ठिकाणी जायचे असेल तर वर्षभर चालणारे संग्रहालय-पत्र परवडते. बऱ्याच ठिकाणांना फिन्निश आणि स्वीडिश अशी दोन नावे असतात : तुर्कूच ओबो, हामिनाच फ्रेड्रिक्सहाम्न. बसमध्ये बसण्यापूर्वी दोन्ही माहीत हवीत. जुन्या कोटांत जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी हामिना आणि लाप्पेनरान्ता निवडावे.

पूर्व सीमेवरच्या या मालिकेचे मूळ म्हणता येईल तो वीबोर्गचा किल्ला १२९३मध्ये बांधला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सोव्हिएत संघाकडे गेला, आज रशियात आहे. पूर्वी हेलसिंकीहून तिथे आगगाडीने सहज जाता येई. ती गाडी २०२२मध्ये बंद झाली, आणि २०२३च्या अखेरीस फिनलंडने पूर्वेकडची जमिनीवरील नाकी प्रवाशांसाठी बंद केल्यापासून रस्त्याचा मार्गही खुंटला आहे.