तळ्याकाठची वही

श्रोतेहो, तळे कोण बांधतो? ज्याला तहान लागते तो. मुंबईचेच पाहा. भोवती समुद्र, पण प्यायला गोड्या पाण्याची टंचाई. विहिरी आणि टाकी पुरेनात, तेव्हा १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले. १८७९ साली तुळशीचा तलाव पुरा झाला, आणि १८९१ च्या सुमारास मिठी नदीला मिळणारे पाणी अडवून पवईचा तलाव झाला. पण पवईचे पाणी पुढे पिण्याजोगे राहिले नाही. ज्या कामासाठी बांध घातला, ते कामच सरले. काठाला इमारती उठल्या, सांडपाणी येऊ लागले, जलपर्णी माजली.

माणसांनी पाठ फिरवली, पाखरांनी मात्र नाही.

पौषातल्या एखाद्या सकाळी त्या काठावर जाऊन उभे राहा. एकटेच जा बरे का! दोघे गेले की गप्पा सुरू होतात आणि पाखरे उडून जातात. पहिली दहा मिनिटे काहीच दिसत नाही. मग चिखलाचा एक गोळा हलतो. तो असतो वंचक. कोणी त्याला ढोकरी म्हणतात. बसला की मातकट, उडाला की पांढराशुभ्र! जलपर्णीच्या पानांवर लांब बोटे टाकीत कमळपक्षी चालतो. पाणकावळा पंख पसरून उन्हात वाळवीत बसतो. शेपटी हलवीत धोबी फिरतो. तुमच्याकडे त्याला परीट म्हणत असतील. त्याच्यातले कित्येक थंडीपुरते उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात.

आता कोणी म्हणेल, हे नुसते बघून काय मिळते? त्याचा इतिहास ऐका. एके काळी पाखरांचा अभ्यास बंदुकीने होई. पक्षी मारायचा, पेंढा भरायचा, कपाटात ठेवायचा. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, तिथेही असेच कप्पे भरलेले होते. १८९६ साली जन्मलेले सालीम अली लहानपणी पिवळ्या गळ्याची एक मारलेली चिमणी घेऊन तिथे गेले, ती कोणती हे विचारायला. तेव्हाचे चिटणीस मिलर्ड यांनी त्यांना ते कप्पे उघडून दाखविले.

पुढे १९३० साली हातात नोकरी नव्हती, तेव्हा हेच सालीम अली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीची घरटी तासन् तास न्याहाळीत बसले. त्यांना काय दिसले? घरटे विणतो नर. अर्धे झाले की मादी येऊन पाहून जाते. पसंत पडले तर ती तिथे राहते, आणि नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो! आपल्या विहिरीवरच्या बाभळीत हा संसार दरसाल चालतो. पण तो नीट कळायला एका माणसाला वही घेऊन बसावे लागले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले, आणि त्याच्या आधाराने पुष्कळ लोक पाखरे ओळखू लागले.

या वहीची गरज आज अधिक आहे. पवईच्याच काठावर महापालिकेने सायकलींसाठी मार्ग बांधायला घेतला होता. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरविले आणि जागा पूर्ववत करण्यास सांगितले. त्या वेळी तलाव वाचला. पण दर वेळी कोणी तरी विचारणारच, की इथे आहे तरी काय? पाखरे साक्ष द्यायला येत नाहीत. त्यांच्या वतीने बोलायला तारीखवार टिपण लागते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातल्या पाणपक्ष्यांची मोजणी होते, तीही अशाच हौशी माणसांच्या भरवशावर.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, शाळेत एक चाळीस पानी वही ठेवा. गावतळ्यावर आठवड्यातून एक सकाळ. तारीख, वेळ, पाणी कुठवर आहे, कोणती पाखरे, किती. नाव ठाऊक नसेल तर अंदाजाने लिहू नका. रंग, चोच आणि पाय कसे ते लिहा. आणि शेतकरी दादांनो, जुनी नावे तुमच्या तोंडी आहेत, ती मुलांना सांगा. दहा वर्षांनी कोणी ते तळे बुजवायला आला, तर त्याच्यापुढे ठेवायला गावाजवळ ती वही असेल.