देवळालीचा ताप

एखाद्याचें डोकें ठिकाणावर नाहीं असें थट्टेनें सांगावयाचें असल्यास इंग्रज लोक तो ‘डूलाली’ झाला असें म्हणतात. या शब्दाचें जन्मस्थान आमच्या पुष्कळ वाचकांनीं आगगाडीच्या खिडकींतून पाहिलें असेल. मुंबईहून जातांना नाशिकरोडच्या अलीकडे लागणारें देवळाली स्टेशन तें हेंच.

मूळ प्रयोग ‘डूलाली टॅप’ असा होता. यांतील ‘टॅप’ म्हणजे इंग्रजींतील टिचकी नव्हे. तो आपला ताप. संस्कृत ‘तप्’ धातूच्या कुळांतीलच लॅटिन ‘तेपेरे’, म्हणजे कोमट असणें. त्यावरून इंग्रजींत ‘टेपिड’ आला. तेव्हां गोऱ्या शिपायानें छावणींत उचललेला हा शब्द त्याच्या घरच्या ‘टेपिड’चा दूरचा चुलतभाऊच होता, ओळख मात्र पटली नाहीं. पुढें ‘टॅप’ गळून गेला व गांवाचें नांव तेवढें वेडाचा पर्याय म्हणून उरलें.

आतां देवळालीच कां? उन्हानें माथें फिरत असे, हा तर्क आम्हांस पटत नाहीं. प्रकृति सुधारण्यासाठीं मुंबईकर जेथें जात तें हें ठिकाण. खरें कारण निराळें. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई येथें विलायतेच्या बोटीची वाट पाहत, आणि पलटणी नेणाऱ्या बोटी हिवाळी मोसमांतच सुटत. मार्चची शेवटची बोट चुकली कीं पुढील ऑक्टोबरपर्यंत मुक्काम! हत्यारें काढून घेतलेलीं, काम नाममात्र, घर डोळ्यांपुढें आणि दिवस सरतां सरत नाहींत. रॉयल वेल्श फ्युझिलियर्समधील फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायानें ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ च्या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे कीं, सबंध नोकरींत ज्यांना बोल लागला नाहीं अशीं माणसें येथें गुन्हे करून तुरुंगांत गेलीं, कांहीं गुप्तरोगांनीं इस्पितळांत पडलीं. हा वाक्प्रचार त्या कंटाळ्यांतूनच निघाला असावा, असें त्याचें मत आहे. आम्हांसही तेंच ग्राह्य वाटतें.

‘डोक्याला ताप’ म्हणतांना आपणही त्या शब्दास ज्वरापासून असेंच दूर नेलें आहे. फरक इतकाच कीं, आपण कोणा गांवाला त्यांत गोंवलें नाहीं. देवळालीस आज भारतीय सेनेची तोफखाना शाळा आहे. लंडनमध्यें मात्र तिचें नांव हंसण्यावारीच घेतलें जातें, आणि बोट चुकलेल्या त्या शिपायांची आठवण तेथें फारच थोड्यांस असेल.